नावापुढची रिकामी जागा

"आधी पाय टेकव. मग वजन टाक. वजन पुरतं उतरल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही, नाहीतर बाई पडेल."

तीस वर्षं झाली तरी चित्रं चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचा हा आवाज तिच्या कानात तसाच होता. रोज सकाळी पेन्सिल हातात घेतली की तो सुरू व्हायचा. चहाच्या आधी, कुणाशी एक शब्दही बोलायच्या आधी, एक पान. त्या पानावर एक माणूस चालवायचा: आठ चित्रं, एक पाऊल. हा नेम मास्तरांनीच लावून दिला होता. "ताप असू दे, पाहुणे असू देत, घरात भांडण असू दे. एक पान." तिनं तो देवाच्या नेमासारखा पाळला होता. पान पुरं झालं की ती पेन्सिल खाली ठेवायची, हात जोडायची, आणि मगच तिच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द निघायचा. बहुतेक वेळा तो शब्द "चहा?" असाच असायचा.

आज पान पुरं होईना. चौथ्या चित्रापर्यंत ठीक होतं, पाचव्यात पाय जमिनीला लागायला हवा होता आणि तो लागत नव्हता. तिनं पुसलं, काढलं. पुन्हा पुसलं. कागद तिथं इतका पातळ झाला की शेवटी फाटलाच.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी भांडं जरा जोरात ठेवलं. पेन्सिल चालू असताना सुनेशी बोलायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांची सगळी विचारपूस भांड्यांतून व्हायची. एक भांडं म्हणजे चहा झाला. दोन म्हणजे चहा गार होतोय. तिसरं वाजलं तेव्हा तिनं वही मिटली.

"आज काय गं, माणूस लंगडा निघाला का?" सासूबाई कप पुढं करत म्हणाल्या.

"अर्धाच राहिला, आई."

सासूबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. इतक्या वर्षांत पान अर्धं राहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, दुसरंच काढलं. "काल समोरची विचारत होती, तुमची सून नक्की करते तरी काय. मी म्हटलं, कार्टून काढते. तर म्हणते, 'अय्या, पेपरात?' मी म्हटलं, नाही, पिक्चरमधली, हलतात ती. तर म्हणते, 'मग कॉम्प्युटरचं काम म्हणा की.' म्हटलं, हो बाई, कॉम्प्युटरचं. कोण डोकं लावत बसणार!"

एरवी ती हसली असती. हे तिच्या सवयीचं होतं. बँकेतल्या माणसानं तिला 'ड्रॉइंग टीचर' लिहून टाकलं होतं. नणंद लाडानं 'आमची कार्टूनवाली वहिनी' म्हणायची. डॉक्टरांनी तिचं मनगट तपासताना 'टायपिंगचं काम का?' असं विचारलं होतं आणि तिनं 'हो' म्हणून मान हलवली होती, कारण खरं सांगायला घेतलं की पुढच्या पेशंटचा खोळंबा व्हायचा. ज्या कामाला लोकांच्या तोंडी धड शब्दच नाही, ते काम करणाऱ्याला जो तो आपल्या सोयीनं काहीतरी म्हणतो. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं.

पण आज त्या शब्दाचाच दिवस होता. आज संध्याकाळी पाच वाजता पिक्चरच्या शेवटी येणाऱ्या नावांची यादी बंद होणार होती.

चहा अर्धा टाकून ती निघाली. पिशवीत अर्धं पान असलेली वही होती.

*

ती काम करायची ती जागा तिसऱ्या मजल्यावर होती. लांबट हॉल, एका बाजूच्या खिडक्यांना काळा कागद, भिंतीला लोखंडी कपाटं. मध्ये कॉम्प्युटरच्या दोन रांगा आणि अगदी टोकाला, कुणी हलवायचं मनावर घेतलं नाही म्हणून राहिलेलं, जुनं काचेचं टेबल. त्याच्या काचेखाली दिवा होता. दिवा लावला की वरच्या कागदातून खालच्या कागदावरचं चित्र दिसायचं, आणि मग दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र काढता यायचं. तिचं तारुण्य त्या काचेवर वाकून गेलं होतं.

इथं तिला सगळे रबरताई म्हणायचे. पोरगेली असताना ती काढायची त्याहून जास्त पुसायची, त्यावरून मास्तरांनी 'रबर' हे नाव ठेवलं. पुढं वय वाढलं, हाताखाली माणसं आली, तेव्हा त्याला 'ताई' चिकटलं.

सध्या इथं एका जुन्या पिक्चरची साफसफाई चालू होती. तीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, सगळाच्या सगळा हातानं काढलेला तो पिक्चर. आता त्याचे डाग, ओरखडे काढून तो नव्यानं थिएटरात लागायचा होता, आणि साफसफाईची प्रमुख रबरताई होती. त्या वेळच्या अकरा जणांपैकी इथं उरलेली ती एकटीच.

जुन्या पिक्चरच्या शेवटी एकच ओळ होती: 'चित्रकार', खाली थोरल्या मालकांचं नाव, आणि त्याखाली 'व सहकारी'. थोरले मालक जाऊन दहा वर्षं झाली. त्यांचा मुलगा, धाकटे मालक, तसा सरळ माणूस. त्यांनी ठरवलं की या खेपेला अकराच्या अकरा नावं द्यायची, आणि प्रत्येक नावापुढं त्या माणसाचं काम. कामासाठी शब्द कोणता हे ठरवायचं गाडं मात्र अडलं होतं.

"या, या, रबरताई, तुमचीच वाट बघतोय," यादीवाल्या बाई म्हणाल्या. कपाळावर चष्मा, हातात कागद, आणि समोर तीन-चार जणांचं कोंडाळं. "मला आज पाचला यादी पाठवायची आहे. मग साक्षात देव आला तरी नाव इकडचं तिकडं होणार नाही. ही माणसं मला एक शब्द देत नाहीत."

"ॲनिमेटर लिहा की," कुणीतरी म्हणालं.

"सगळा पिक्चर आपल्या भाषेत आणि शेवटी तेवढंच इंग्रजी? धाकटे मालक नको म्हणतात."

"मग सचेतनकार. डिक्शनरीत आहे."

"अहो, सचेतनकार म्हटलं की शक्तीच्या गोळ्या विकतोय असं वाटतं."

"चलचित्रकार?"

"तो कॅमेरावाला."

"रेखाटनकार?"

"ते भिंतीवरचं. हे हलतं ना."

"माझा मेहुणा मला व्यंगचित्रकार म्हणतो," रंगाचं काम बघणारा म्हणाला. "मी म्हटलं, बाबा, मी फक्त सशाच्या पोटात पांढरा रंग भरतो."

हॉल हसला. तिनं मात्र कागद हातात घेतला होता आणि तिची नजर सरळ शेवटच्या ओळीवर गेली होती. पंधरा दिवसांपूर्वी पाहिलं होतं तसंच होतं ते. दहा नावांपुढची जागा कोरी, शब्द ठरायची वाट बघत. अकरावं नाव मास्तरांचं, आणि त्यापुढं मात्र शब्द आधीच ठरलेला: 'मदतनीस'.

"हे बदललं नाहीत तुम्ही," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज मुळातच मऊ. आज तो जेमतेम कागदापलीकडं पोचला.

"मी कशी बदलू, ताई? थोरल्या मालकांच्या वहीवरून यादी केलीय. त्यात लाल शाईनं लिहिलंय." बाईंनी वहीच उघडून दाखवली. प्रत्येक दृश्यासमोर काढणाऱ्याचं नाव आणि शेरा. दृश्य एकतीससमोर, थोरल्या मालकांच्या तिरप्या अक्षरात: *चित्र चुकलं. हिसका. जबाबदार मास्तर. यापुढं मदतनीस म्हणून.*

ती वही तिनं याआधीही पाहिली होती. तरी पुन्हा वाचली आणि मिटून परत दिली.

*

दृश्य एकतीसमध्ये फार काही नव्हतं. एक म्हातारी बाकावर बसलेली असते, दूरवर कुणीतरी हाक मारतं, आणि ती उठते. बस्स, एवढंच. पण ते उठणं काढायला मास्तरांना सहा आठवडे लागले होते. आधी ते स्वतः रस्त्याकडेच्या बाकांवर जाऊन बसले. म्हाताऱ्या बायका उठताना आधी हात कुठं टेकतात, मान पुढं किती येते, गुडघा किती वेळ नको म्हणतो. घरी त्यांची बायको, काकू, विचारायच्या, "आज काय काम केलंत?" तर मास्तर म्हणायचे, "म्हातारीला उठवत होतो."

"दिवसभर? एकाच म्हातारीला?"

"अर्धीच उठलीय. उद्या उभी राहील."

कुणी धंदा विचारला तरी मास्तरांची हीच तऱ्हा. घरमालकाला कारकून म्हणून सांगितलेलं, कारण चित्रं काढणाऱ्याला खोली कोण देणार. बाकी कुणालाही, आज हातात जे असेल ते. "मांजराला कुंपणावरून उतरवतोय." लोक समजायचे, माणूस थोडा सरकलेला आहे.

महत्त्वाची चित्रं मास्तर काढायचे आणि त्यांच्या मधली रबर. चित्रं पुरी झाली की कोपऱ्यात आकडा घालायचा, आणि त्या क्रमानं एकेक कागद कॅमेऱ्याखाली जायचा. कॅमेऱ्याकडं जायच्या आधी कागदांवरचे बोटांचे डाग पुसायचं काम सगळ्यांत धाकटीचं, म्हणजे तिचंच. त्या दिवशी घाई होती. कॅमेरा दुसऱ्यांचा, सकाळी परत जायचा होता. पुसता पुसता दोन कागदांवर डागाबरोबर आकडेही गेले. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस. दोन्ही चित्रांत केसाएवढा फरक. विचारायला जावं तर मास्तर जेवायला गेलेले. तिनं अंदाजानं आकडे घातले.

अंदाज उलटा पडला.

पडद्यावर म्हातारी उठू लागली, आणि निम्म्यात एकदम क्षणभर मागं गेली, मग पुन्हा वर. जणू कुणी पाठीमागून पदर ओढला. हिसका. थोरले मालक अंधारात उभे राहिले. "कुणाचं काम?"

तिच्या जिभेवर 'माझं' आलं होतं. पण ती महिनाभराच्या बोलीवर आलेली. घरच्यांनी निक्षून सांगितलं होतं, काढून टाकलं तर मुकाट्यानं घरी बसायचं. तो शब्द बाहेर यायच्या आत मास्तर म्हणाले, "माझ्या हातून झालं."

आणि तिनं तो गिळला.

मास्तरांना खरंच वाटतंय की त्यांचंच चित्र चुकलं, अशी समजूत तिनं त्या दिवसापासून करून घेतली होती. त्यांना ठाऊकच नाही, तर त्यांना दुखलं तरी किती असणार? त्या एका समजुतीच्या आडोशाला ती तीस वर्षं राहिली. रोज देवापुढं हात जोडताना तेवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं सांगत राहिली.

पंधरा दिवसांपूर्वी ती मास्तरांकडं गेली होती. त्यांची नजर आता जवळजवळ गेलेली. "टीव्हीवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात," ते म्हणाले होते. "यादी लावताय म्हणे. छापून झाली की मला काही वाचता येणार नाही. बंद व्हायच्या आधी एकदा येऊन वाचून दाखवशील? सगळी नावं. सावकाश."

"दाखवीन, मास्तर. नक्की येईन."

दुसऱ्या दिवशी तिनं यादी पाहिली. त्यानंतर तिचं पाऊल काही त्या घराकडं वळलं नाही.

*

आज तिच्या हातून काहीच होत नव्हतं. खुर्चीत बसे, उठे. पाण्याची बाटली भरलेली असताना पुन्हा भरून आणे. पायाला भिंगरी लागल्यासारखी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या फेऱ्या चालल्या होत्या. रंगवाला म्हणाला, "रबरताई, बसा हो, तुमच्याकडं बघून मला गरगरतंय."

साडेअकराला तिनं मास्तरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"अगं आहेस कुठं? रोज विचारतात, रबर आली का, रबर आली का. काल तर दाढी करून बसले होते."

"काकू, मी... जरा कामात होते."

"हो गं, कामात तर असशीलच. मी त्यांना तेच सांगते. तर म्हणतात, 'कामात नाही ती. मी तिला ओळखतो. काहीतरी पुसत बसली असेल.'"

काकू हसल्या. तिला हसता आलं नाही.

सगळ्या दृश्यांची साफसफाई होत आली होती. एकच राहिलं होतं, तिनंच मुद्दाम शेवटाला ढकललेलं. ती कपाटापाशी गेली आणि एकतीस आकड्याचा खोका काढला. खोका हलका होता. शहाण्णव कागद, खाली तीन भोकं, कडा पिवळ्या. हातात धरून बोटांतून सोडले की फर्र आवाज व्हायचा आणि म्हातारी उठायची. तिनं तो आवाज होऊ दिला नाही. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस तेवढे बाजूला काढले, टोकाच्या टेबलापाशी नेले आणि दिवा लावला.

आकडे मास्तरांच्या हातचे होते. डोक्यावर बंद असलेला इंग्रजी चार, शेपूट नसलेला सात. तिला क्षणभर काही कळेना. हे आकडे तर तिनं घातले होते. तिचा चार वरून उघडा असायचा, खुर्ची उलटी ठेवल्यासारखा. त्यावरून तर मास्तर बोलायचे, "तुझ्या चारात पाणी साठेल." मग हा बंद चार कसा?

तिनं मान वाकवली. कागद काचेवर थोडा तिरपा केला. खालच्या दिव्याचा उजेड कागदातून वर आला, आणि मास्तरांच्या आकड्याच्या खाली, पुसलेल्या पेन्सिलीची नुसती खोबण उरावी तसा, तिचा उघडा चार दिसला. ती तेव्हा पेन्सिल फार दाबायची. शिसं जातं, कागदावरचा दाब जात नाही.

म्हणजे मास्तरांनी कागद पाहिले होते. कॅमेरा परत गेल्यावर, थोरल्या मालकांनी पाहायच्या आत. तिचे आकडे पुसले होते आणि तेच चुकीचे आकडे स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिले होते.

त्यांना ठाऊक होतं. त्या अंधारात 'माझ्या हातून झालं' म्हणाले तेव्हाही, आणि पंधरा दिवसांपूर्वी 'सगळी नावं, सावकाश' म्हणाले तेव्हाही.

तिनं दिवा बंद केला. पुन्हा लावला. उघडा चार तिथंच होता. 'देवा,' ती मनात म्हणाली, आणि त्यापुढं काय मागावं तेच तिला सुचेना. मागायचं काही नव्हतंच. बोलायचं होतं.

*

धाकटे मालक डबा उघडून बसले होते. ती दारात उभी राहिलेली बघून त्यांनी झाकण परत लावलं.

"मालक, पाच मिनिटं एक गोष्ट बघाल?"

तिनं त्यांच्याच कॉम्प्युटरवर दृश्य एकतीस लावलं. म्हातारी उठली, हिसका बसला, उभी राहिली.

"हो, हा हिसका. लहानपणापासून बघतोय," धाकटे मालक म्हणाले. "घरी कुणी उठताना अडखळलं की आम्ही म्हणायचो, एकतीस नंबर झालं. हा जाणार नाही ना? मूळ चित्रच चुकलंय."

"चित्र चुकलेलं नाही." तिनं सेहेचाळीस उचलून सत्तेचाळीसच्या जागी ठेवलं, सत्तेचाळीस त्याच्या जागी. दोनदा बोट टेकलं, बस्स. घोटभर पाणी प्यायलाही याहून जास्त वेळ लागतो. मग पुन्हा लावलं.

म्हातारीनं हात बाकाच्या काठावर टेकला. मान पुढं आली. गुडघ्यानं थोडं नको म्हटलं, मग ऐकलं. ती उठली. आणि मग लांब कुणाच्या तरी हाकेकडं बघत उभी राहिली.

धाकट्या मालकांनी स्वतः पुढं होऊन पुन्हा एकदा लावलं.

"आकडे उलटे पडले होते," ती म्हणाली. "मी घातले होते. मास्तरांनी माझं नाव येऊ दिलं नाही. मी तिथंच उभी होते आणि गप्प बसले."

"तुम्ही?"

"मी."

"आणि हे आज सांगताय? तीस वर्षांनी? यादी बंद व्हायला पाच तास राहिलेत तेव्हा?"

"हो."

त्यांनी कपाळावरून हात फिरवला. चिडायचं होतं, पण समोर पन्नाशीची बाई मान खाली घालून उभी होती, आणि तिच्याकडून आजवर त्यांनी कधी चढा आवाज ऐकला नव्हता. "वहीत वडिलांचं अक्षर आहे, रबरताई. त्यांना खोटं पाडू?"

"ते खोटं नाही लिहिलेलं. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं. सांगितलेलं खोटं होतं, आणि ते ऐकून मी उभी राहिले." तिनं कागद पुढं केले. "खालून उजेड धरला की माझा आकडा दिसतो. तुम्ही बघा."

त्यांनी कागद घेतले, खिडकीपाशी जाऊन काचेवर धरले. त्या आकड्यावरून एक बोट फिरवलं.

"मदतनीस हा शब्द काढतो," शेवटी ते म्हणाले. "पण मग लाल शेरा कुणाच्या नावावर जायचा? तुमचं नाव साफसफाईची प्रमुख म्हणून सगळ्यांत वर आहे."

"ते तुम्ही ठरवा. खाली घेतलंत तरी चालेल."

"चालेल म्हणे! इतकं सोपं आहे का ते?"

"सोपं नाही," ती म्हणाली. "पण चालेल."

ते परत येऊन बसले. डब्याचं झाकण उगाच उघडलं, लावलं. "एक सांगतो. 'चित्रकार' या शब्दापुढं वडिलांचं नाव एकट्याचं आहे, तिथं मी दुसरं नाव नेणार नाही. ते माझ्याच्यानं होणार नाही. मास्तरांना दुसरा शब्द हवा. चांगला शब्द. जो मास्तरांना, तोच त्या बाकीच्या दहांना." मग थोडं थांबून, तिच्याकडं न बघता म्हणाले, "आणि तुमचं नाव कुठं जावं, तेही त्यांनाच विचारा. चूक त्यांच्या डोक्यावर बसलीय, माझ्या नाही. पाचच्या आत सांगा."

*

यादीवाल्या बाईंनी नवा कागद छापून दिला. तिच्या सांगण्यावरून मोठ्या अक्षरात. मास्तरांना दिसणार नव्हतंच, पण तिला स्वतःला चष्म्याशिवाय वाचता यायला हवं होतं. चष्मा आज सारखा धूसर होत होता.

"मग काय लिहू इथं?" बाईंनी अकराव्या नावापुढं पेन टेकलं.

"काही नका लिहू अजून. जागा ठेवा."

"अहो ताई, जागा ठेवून मी काय पाठवू? रिकामी ओळ?"

"पाचपर्यंत फोन करते."

"पाच म्हणजे पाच हं. माझ्या घड्याळात." बाई तिच्याकडं बघत राहिल्या. सगळा हॉलच बघत होता. बंद दारातून सगळं ऐकू आलं नसेल, पण जेवढं आलं तेवढं पुरे होतं. रंगवाला उठला, तिची पडलेली पेन्सिल उचलून त्यानं तिच्या हातात दिली.

"मास्तरांना माझा नमस्कार सांगा," तो म्हणाला. "आणि विचारा, माझ्या मेहुण्याला काय सांगू ते."

या खेपेला तिला थोडं हसू आलं.

तिनं यादी घडी न घालता वहीत ठेवली, सकाळच्या अर्ध्या पानाशेजारी. ते दोन कागद खोक्यात परत ठेवले, मग पुन्हा बाहेर काढले आणि पुठ्ठ्यात घालून सोबत घेतले. मास्तरांना दिसणार नाहीत. पण ती पेन्सिल दाबायची ते त्यांच्या बोटांना कळेल.

फोन तिनं खालच्या मजल्याच्या पायऱ्यांवरच लावला. "काकू, मी निघाले."

"अगं बाई! थांब, त्यांना सांगते." आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काकू पुन्हा फोनवर. "शर्ट बदलायला उठलेत. सावकाश ये हो, घाई नको करूस. ते काही कुठं पळून जात नाहीत."

मास्तरांचं घर चालत पाऊण तास. बस होती, पण बसमध्ये तिला तोंडानं म्हणत वाचता आलं नसतं. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, फूटपाथवर फारसं कुणी नव्हतं. पहिल्या कोपऱ्यापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली. मग तिनं चाल आवरली.

वही उघडून तिनं नावं वाचायला घेतली, जेमतेम स्वतःला ऐकू येईल अशा आवाजात. पहिलं, दुसरं, तिसरं. समोरून येणाऱ्या बाईनं तिच्याकडं वळून पाहिलं. कुणीतरी जप करत चाललंय असं तिला वाटलं असावं. दहावं नाव नीट आलं. अकराव्याला आवाज अडकला.

ती थांबली नाही. पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली. दारात पोचेपर्यंत ते नाव न अडखळता म्हणता यायला हवं होतं, आणि त्यानंतर त्यांना विचारायला हवं होतं, की मास्तर, इथं पुढं काय लिहू.